आरसी बोट झणझणते? मोटरपासून प्रॉपपर्यंत असं तपासा

रिमोटवर चालणारी आरसी बोट अर्ध्या थ्रॉटलवर मस्त चालते अन् पुढं दाबलं की अख्खा हल म्हणजे बोटीचं अंगच झणझणतो, असं ज्यांच्याकडे होऊन राहिलं त्यांच्यासाठी लिहितोय. माझी मोनो (एकाच हलची बोट) नागपूरच्या अंबाझरी तलावावर हेच करत होती, बेअरिंग गेलं समजून मी मोटरच बदलली, तरी थरथर तशीच. शेवटी निघालं काय, तर मोटर आणि ट्यूब (शाफ्ट जिच्यातून मागं जातो ती नळी) एका लायनीत नव्हत्या, फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. म्हणून पार्ट मागवायच्या आधी एकेक गोष्ट सुटी करून पाहा भाऊ, पैसे वाचतात.

आधी हे समजून घ्या की अर्ध्या थ्रॉटलवर का कळत नाही. २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला २००० फेऱ्यांची) मोटर ४एसवर म्हणजे चार सेलच्या बॅटरीच्या १४.८ व्होल्टवर लोडशिवाय २९,६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरते. या स्पीडला प्रॉपच्या (मागच्या पंख्याच्या) एका पात्यात, मध्यापासून १५ मिलिमीटरवर, नुसतं ०.१ ग्रॅम वजन जास्त असलं तरी ते शाफ्टला जवळपास दीड किलोच्या जोरानं बाहेर ओढतं आणि तेही दर फेरीला. स्पीड अर्धी केली की हा जोर पावच उरतो.

आता सुरुवात. प्रॉप काढा, फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंत जाणारी लवचिक तारांची केबल) ओढून बाहेर घ्या आणि नुसती मोटर हळू फिरवा, हलवर हाताचं बोट ठेवून पाहा. फिरताना कॉलेटची (मोटरला फ्लेक्स शाफ्ट जोडणाऱ्या पकडीची) कड धूसर, डबल दिसली तर कॉलेट किंवा मोटरचा शाफ्ट वाकडा आहे. मोटर शांत असेल तर तिला सोडा, पुढं चला.

शाफ्ट कापडानं पुसताना तार कापडात अडकली तर केबल तुटायला लागलीय, ती बदलाच. प्रॉप बसतो ते कडक टोक काचेवर लोळवा, खाली उजेड उघडझाप करताना दिसला तर ते वाकलंय.

मग लायनिंग, अन् माझ्या मते निम्म्या बोटींचा रोग इथंच असतो. कॉलेट पूर्ण ढिली करा आणि शाफ्ट मागून हळूहळू आत सरकवा. तो कॉलेटच्या भोकात कुठेही न घासता, बोटानं दिशा न देता शिरला पाहिजे. वर-खाली आपटत असेल तर माउंटचे स्क्रू ढिले करून मोटर हलवा, उंची कमी पडत असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनमधून पट्टी कापून खाली घाला, तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते त्यामुळं बारीक ॲडजस्ट होतं. ब्रासच्या ट्यूबला एकच लांब, सावकाश वळण हवं, मध्ये कुठे चिमटलेली नको. ट्यूबचं तोंड आणि कॉलेट यांच्यात शाफ्ट जास्त उघडा राहिला तर तिथंच तो फटके मारतो, हे अंतर होईल तितकं कमी ठेवा. कॉलेट आवळायच्या आधी शाफ्टच्या टोकाचं ग्रीस पुसून टाका, नाहीतर पकड घसरते. मागं ड्राइव्ह डॉग (प्रॉपला अडकून फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टचं मागचं टोक धरणारा आधार) यांच्यात २-३ मिलिमीटर फट सोडा, कारण लोड आला की केबल पिळून आखूड होते.

यानंतर प्रॉपशिवाय शाफ्ट दोन-तीन सेकंद, हळूच फिरवून बघा. हवेत फुल थ्रॉटल अजिबात नको.

इथवर शांत असेल तर दोष प्रॉपचा. बॅलन्सर नसेल तर दोन दाढीची ब्लेडं एका पातळीत उभी करा, सरळ रॉडवर प्रॉप घालून रॉड त्यांच्या धारेवर ठेवा, पंखा-कूलर बंद. जड पातं खाली जाऊन थांबतं. त्याच्या पुढच्या बाजूनं, म्हणजे हलकडे तोंड असलेल्या बाजूनं ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासा, पाणी मागं ढकलणारी बाजू आणि धार सोडून. थोडं घासा, परत ठेवून पाहा. कुठंही थांबवलं तरी प्रॉप तिथंच राहिला की झालं. प्रॉप बेरिलियम कॉपरचा असेल तर पाण्याखालीच घासा आणि मास्क लावा, त्याची धूळ फुप्फुसाला फार घातक असते, ग्राइंडर तर लावूच नका.

आणि सगळं ठीक असलेली बोट अचानक थरथरायला लागली तर आधी ड्राइव्ह डॉगजवळ पाहा. संक्रांतीनंतर तलावात नायलॉन मांजा पडलेला असतो, तो त्या २-३ मिलिमीटरच्या फटीत इतका घट्ट गुंडाळतो की वरून नुसता काळा डाग दिसतो, मला तो ब्लेडनं कापून काढावा लागला होता. तलावावरून आलं की दरवेळी शाफ्ट बाहेर काढा, पुसा आणि पाण्यात न धुणारं मरीन ग्रीस लावूनच परत घाला. मे महिन्यात आपल्याकडं ग्रीस पातळ होतं, तेव्हा मी दर दोन बॅटरी पॅकनंतर लावतो.