पावसाळ्यात गावात फ्लू पसरू नये म्हणून

आपल्याकडे फ्लूचा जोर साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो. पाटण, महाबळेश्वरकडे झड लागली की दारं-खिडक्या दिवसेंदिवस बंद राहतात आणि एकाचा खोकला सगळ्या घराच्या छातीत जातो.

ताप चढण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस इतरांना लागण देऊ लागतो. पुढे पाच ते सात दिवस देतो, लहान मुलं त्याहून जास्त. म्हणून अंग मोडून आलं की त्याच दिवशी घरी थांबायचं. सर्वांत जास्त चूक होते ती इथे: सकाळी पॅरासिटामॉल देऊन पोराला शाळेत धाडतात. गोळीने ताप उतरतो, विषाणू तसाच राहतो. गोळीशिवाय सलग 24 तास ताप नसेल, तरच शाळा, एसटी, बाजार.

घरात एकच खोली असली तर आजाऱ्याचं अंथरूण खिडकीजवळ, इतरांपासून निदान तीन फूट लांब घाला. समोरासमोरची दार-खिडकी उघडी हवी. पाऊस आत येत असेल तर वाऱ्याच्या आडोशाची बाजू उघडा. नुसता पंखा तीच हवा फिरवतो. आजारी आणि त्याची सेवा करणारा, दोघांनीही मास्क लावावा. ओला झाला की बदलायचा. टॉवेल, तांब्या वेगळा ठेवा. ताटवाटी साबणाने घासली की पुरे. हात 20 सेकंद, नखांपर्यंत साबण लावून धुवायचे.

ग्रामपंचायतीने धुराची फवारणी केली की लोकांना बरं वाटतं, पण ती डासांसाठी. फ्लूला तिचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा गणपतीच्या मांडवाच्या बाजूच्या कनाती उघड्या ठेवा आणि खोकणाऱ्याला आरतीला आत घेऊ नका.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे-जूनमध्येच घ्या. गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेह वा दमा असलेले यांनी आधी. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.

याच लोकांना ताप आला तर पहिल्या 48 तासांत डॉक्टर गाठा. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध तेव्हाच जास्त लागू पडतं. अँटिबायोटिकने फ्लू जात नाही. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. धाप, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, मूल अन्नपाणी घेईनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर 108. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत ताप असेल तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा.