गच्चीवर हिरवे छप्पर आणि भिंतीवर बाग कशी करावी

गच्चीवर मातीचा पातळ थर पसरून त्यावर झाडे वाढवली, तर खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते, कारण ऊन थेट स्लॅबवर पडत नाही आणि माती व पाने यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने गारवा टिकतो. मात्र या कामात झाडे सर्वांत शेवटी येतात. आधी भार आणि पाणी यांचा विचार करावा.

भिजलेल्या बागमातीचे वजन दर घनमीटरला साधारण १,६०० ते १,९०० किलो असते. म्हणजे १० सेंमी जाडीचा थर दर चौरस मीटरला १६० ते १९० किलो भार टाकतो. माणसांची ये-जा असलेल्या घराच्या गच्चीवर भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलोच भार गृहीत धरलेला असतो, आणि गळती थांबवण्यासाठी जुन्या कोब्यावर पुन्हा कोबा केला असेल, तर स्लॅबची क्षमता त्यातच खर्ची पडलेली असते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेतल्याशिवाय मातीचे एक पोतेही वर नेऊ नये. सोसायटीची सामाईक गच्ची असल्यास लेखी परवानगी घ्यावी.

वॉटरप्रूफिंगचे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. उतार पाइपांच्या तोंडाकडे आहे ना, हे पाहावे आणि कठडा व स्लॅब यांच्या सांध्यात गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग कठड्यावर मातीच्या पातळीच्या वरपर्यंत चढवावे, कारण गळती बहुधा याच सांध्यातून सुरू होते. त्यानंतर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीत चार-पाच सेंमी पाणी दोन-तीन दिवस साठवावे आणि खालचे छत तपासावे. ही चाचणी कोणी कितीही घाई केली तरी टाळू नये. एकदा माती पसरली की गळतीचे ठिकाण शोधण्यासाठी सगळी बाग उपसावी लागते.

छत कोरडे राहिले, तर मुळे रोखणारा जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर निचऱ्यासाठी ड्रेन सेल (पाणी वाहू देणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या) आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड या क्रमाने अंथरावे. कापड पाणी जाऊ देते, पण माती अडवते. पाइपांच्या तोंडांभोवती आणि कठड्यालगत वीतभर पट्टा मातीविना ठेवून त्यात खडी भरावी. वरच्या थरासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), गांडूळ खत आणि थोडीच बागमाती यांचे हलके मिश्रण वापरावे. ८ ते १० सेंमी जाडी पुरते. कास पठारावर जांभ्या खडकावरच्या अगदी पातळ मातीत पावसाळी वनस्पती फुलतात, हे पाहिल्यावर एवढ्या थराबद्दल शंका उरत नाही; तिथली रोपे मात्र उपटून आणू नयेत. गच्चीसाठी ऑफिस टाइम, कोरफड, पानफुटी, रेन लिली, वेडेलिया अशी काटक, उथळ मुळांची झाडे जूनच्या पहिल्या पावसानंतर लावावीत.

भिंतीवरच्या बागेसाठी दुपारचे ऊन सोसणारी पश्चिमेची भिंत निवडल्यास घराला सर्वाधिक लाभ होतो. कुंड्यांची चौकट भिंतीला टेकवू नये. मध्ये किमान ५ सेंमी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळते आणि भिंतीला ओल येत नाही. ठिबकची नळी वरच्या रांगेपासून फिरवून एकदाच भरपूर पाणी देण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे द्यावे. पाणी झिरपत खाली येत असल्याने वरच्या रांगा लवकर सुकतात, तर खालच्या ओल्या राहतात. म्हणून वर रिओ किंवा वेडेलिया आणि खाली, सावली असल्यास, फर्न व सिंगोनियम लावावे. सर्वांत खालच्या रांगेखाली पन्हळ बसवून जादा पाणी पाइपात सोडावे.

दर महिन्याला पाइपांच्या तोंडांवरची पाने काढावीत, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेली वड, पिंपळ, उंबराची रोपे बोटभर असतानाच मुळासकट उपटावीत. त्यांची मुळे पडदा भेदून स्लॅबच्या भेगांत शिरतात.