गाडी चालवता येते, पण थांबवता येते का? खान्देशात राहून पुढचं प्रशिक्षण कसं शोधायचं

काही वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली संध्याकाळ. अमळनेरहून चोपड्याकडे मोटारसायकलवर निघालो होतो. दिवेलागणीची वेळ, पुढे कापसाने भरलेली बैलगाडी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काहीतरी पांढरं दिसलं तोवर उशीर झाला होता. पाय जोरात मागच्या ब्रेकवर गेला, चाक जाम झालं आणि गाडी आडवी. मी साईडपट्टीच्या काळ्या मातीत, मोटारसायकल बाभळीत. ढोपर सोललं, क्लचचा दांडा वाकला, एवढ्यावर निभावलं. गाडीवानाने बैल थांबवले, पाणी दिलं आणि विचारलं, "पुढना ब्रेक लागस ना, भाऊ?"

लागत होता. मी दाबलाच नव्हता. पंधरा वर्षं गाडी चालवून.

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झालं. ६० च्या वेगात अचानक थांबायचं कसं, हे कोणी विचारलं नाही, शिकवलं तर नाहीच. ब्रिटनमध्ये लायसन्स मिळाल्यानंतरच्या शिक्षणासाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स ही संस्था १९५६ सालीच निघाली. आपल्याकडे जे आहे ते विखुरलेलं आहे, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला ते शोधत जावं लागतं. ते कसं, हे मी चुका करत शिकलो.

आधी घरच्या मैदानावर

कोणालाही फोन करण्याआधी आपल्यात काय कमी आहे ते बघा. डांबरी किंवा काँक्रीटचं मोकळं आवार शोधा. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं किंवा एखाद्या जिनिंगचं आवार मिळतं, पण मालकाला विचारून. खडी झाडून घ्या. खेळाच्या मैदानावर मारतात तशी फक्कीची एक रेघ मारा. पूर्ण हेल्मेट, बूट, हातमोजे घाला, ४० च्या वेगात या आणि रेघेवर ब्रेक सुरू करा. थांबलात तिथपर्यंत पावलं मोजा.

कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर ४० च्या वेगातली मोटारसायकल साधारण दहा-बारा मीटरमध्ये उभी राहते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट जागा लागते. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. "पुढचा दाबला तर गाडी उलटते" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते अर्धवट खरं आहे. झटक्यात आवळला तर चाक जाम होऊन घसरतं. आधी हलका, वजन पुढे बसलं की घट्ट, असा दाबला तर गाडी जमिनीला चिकटून थांबते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच. ब्रेक दाबायचं धाडस ते तुमच्या बोटांत घालत नाही.

पहिली ट्रायल २०-२५ च्या वेगातच करा, सोबत कोणीतरी उभं ठेवा. माझी पहिली मोजणी लाज वाटावी अशी होती. तो आकडा लिहून ठेवला, पुढे त्याचाच उपयोग झाला.

नेमकं काय शिकायचंय?

'ॲडव्हान्स्ड रायडिंग' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक रेसट्रॅकवरची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग भरत आले आहेत. कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेली ही शाळा. वळणात गाडी कशी झुकवावी, हे तिथे उत्तम कळतं. दुसरी कच्च्या रस्त्याची, म्हणजे ऑफ-रोड. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचं बिगरॉक डर्टपार्क कर्नाटकात कोलारकडे आहे. तिसरी रोजच्या रस्त्याची: ब्रेक, नजर, रस्त्यात आपली जागा, दुसऱ्याची चूक आधी ओळखणं.

माझं मत विचाराल तर आधी तिसरी. फैजपूर ते रावेर केळीच्या ट्रकांमधून जाणाऱ्याला गुडघा जमिनीला टेकवण्याची गरज पडत नाही. त्यानंतर ऑफ-रोडचा एखादा दिवस करा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, तिच्यावर गाडी साबणासारखी सरकते, आणि सरकणाऱ्या गाडीवर हात सैल ठेवायची सवय ऑफ-रोडमध्येच लागते. ट्रॅक हा शौक आहे. परवडला तर जरूर करा.

शोधायचं कुठे

जवळचा मोठा पत्ता पुण्याचा. भोसरीला सीआयआरटी (रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था) आणि कासारवाडीत नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर (वाहनचालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्था) आहे. फोन करून एकच नेमका प्रश्न विचारा: लायसन्स असलेल्या दुचाकीस्वारासाठी बॅच आहे का, आणि कधी? नुसतं 'ट्रेनिंग आहे का' म्हणालात तर 'आहे' असं उत्तर येईल आणि ते ट्रक-बसवाल्यांचं निघेल.

दुसरा रस्ता शोरूमचा. कंपन्या आपल्या गाडीमालकांसाठी कधी ट्रॅकचा, कधी ऑफ-रोडचा दिवस ठेवतात. जळगाव-धुळ्याच्या डीलरला बहुतेक वेळा त्याची माहिती नसते, पण तो कंपनीच्या एरिया मॅनेजरला विचारू शकतो. त्याला दोनदा आठवण करा. तिसरा, जानेवारीतलं रस्ता सुरक्षा अभियान. त्यात भाषणं जास्त असतात हे खरं, पण आरटीओ आणि वाहतूक पोलिसांत गाडीचं खरं वेड असलेला एखादा साहेब तिथेच भेटतो, आणि त्याला कोण चांगलं शिकवतं ते ठाऊक असतं.

इन्स्टाग्रामवरून शोधायला हरकत नाही, फक्त एक ध्यानात ठेवा. माझे पहिले पैसे असेच गेले. नाव घेत नाही. दिवसभरात ड्रोनचे फोटो, टी-शर्ट, नाश्ता, घाटातून रांगेने एक फेरी. ब्रेकचा एकही सराव नाही.

फोनवर पारख

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चालवून बघतो. झूल किती भारी आहे हे बघत नाही. ट्रेनरही तसाच पारखावा.

एका ट्रेनरमागे किती जण? सहा-आठच्या वर असतील तर तुमच्या वाट्याला तो येणारच नाही. पहिल्या तासाला काय घेता? उत्तरात ब्रेक, नजर, हळू वेगातलं वळण यांपैकी काही आलं नाही तर फोन ठेवा. सराव बंद मैदानावर की चालू रस्त्यावर? प्रथमोपचाराची काय सोय, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर? शेवटी प्रत्येकाला त्याच्या चुका वेगळ्या सांगता का? आणि आधी शिकून गेलेल्या एका-दोघांशी बोलायला मिळेल का? त्यांना 'मजा आली का' विचारू नका, 'आता काय वेगळं करता' ते विचारा. जो लगेच नेमकं सांगतो, त्याचा गुरू चांगला.

फीमध्ये गाडी, पेट्रोल, जेवण धरलंय का ते आधी विचारून घ्या. विम्याचंही बघा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीचं नुकसान धरलेलं नसतं, म्हणून ट्रॅकवर जाणार असाल तर पॉलिसी काढून ती ओळ वाचा.

जाताना

जळगावहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी तेवढी गाडी हाणून सकाळी सातला मैदानात उभं राहिलात तर अर्धं शिक्षण झोपेतच जाईल. संस्थेची गाडी मिळत असेल तर सरळ रेल्वेने जा. स्वतःची नेणार असाल तर मध्ये नाशिकला मुक्काम करा. टायर, ब्रेक पॅड, चेन आधी दाखवून घ्या. हेल्मेट आयएसआयचं आणि डोक्याला घट्ट. पट्टा लावून मागून वर ढकललं तर निघता कामा नये. एप्रिल-मेची तारीख टाळा. आपण उन्हाला सरावलेले असलो तरी जाड जॅकेट घालून तापलेल्या डांबरावर आठ तास म्हणजे चेष्टा नाही.

वर्गात एकच पथ्य: "माझी पद्धत अशी आहे" हे वाक्य घरी ठेवून जा. मला सगळ्यात जड गेली ती नजर. खड्डा बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते. जिथे जायचंय तिथे बघावं लागतं. ऐकायला सोपं आहे. माझी मान वळायला दुपार झाली.

परत आल्यावर

पंधरा दिवसांत पुन्हा त्याच आवारात जा, फक्कीची रेघ मारा, पावलं मोजा. मग पहाटे, गर्दी नसताना, शहाद्याहून तोरणमाळचा घाट हळू करा: वळणाच्या आधीच वेग कमी, वळणात ब्रेक नाही, नजर वळणाच्या टोकाला. मुंबई-आग्रा महामार्गावरचा बिजासन घाट सरावासाठी नको. उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकपुढे तुमचं कौशल्य कामाचं नाही.

आणि पुण्याला जाणं जमतच नसेल तर ट्रेनरला इकडे बोलवा. आम्ही दहा जणांनी वर्गणी काढली. शाळेमागचं काँक्रीटचं पटांगण मिळालं, एका डॉक्टर मित्राने दिवसभर थांबायचं कबूल केलं. ट्रेनर पहाटेच्या गाडीने आला, पटांगण बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "झाडू आणा." तासभर आम्ही दहा जण खडी झाडत होतो.