गावाचा विकास आराखडा करताय? या चुका टाळा, निदान पहिली तरी

ग्रामपंचायतीला दरवर्षी पुढच्या वर्षाच्या कामांचा आराखडा करायचा असतो. पोळा झाला की त्यासाठी माझा फोन वाजायला लागतो. "सर, आराखडा भरायचाय, तारीख जवळ आली. तुमच्याकडं एखादा तयार असेल तर टाका ना व्हॉट्सॲपवर."

तयार आराखडा! दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून आपलं औषध लिहून मागण्यातला प्रकार. एका ग्रामपंचायतीनं असाच कुठूनतरी मिळवून भरला होता. आमचा तालुका श्रावणातही टँकरची वाट बघणारा, आणि कामांच्या यादीत सतराव्या ओळीला "मच्छीमार जेटी दुरुस्ती". ती ओळ वाचली कुणीच नव्हती. ग्रामसभेत "सर्वानुमते मंजूर" मात्र झाली होती.

२०१५ साली चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला आणि महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' सुरू झालं, तेव्हापासून मी प्रवीण प्रशिक्षक, म्हणजे आराखडा कसा करायचा ते शिकवणारा, म्हणून गावं हिंडतोय. मधल्या काळात चौदावा आयोग जाऊन पंधरावा आला, २०२० मध्ये आराखडा भरायचं ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं, आराखडा ज्यात बसवायचा त्या नऊ संकल्पना आल्या, ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं. चुका मात्र होत्या त्याच आहेत. त्यातल्या काही मी स्वतः केल्यात, म्हणून जरा जोर लावून सांगतो.

अर्धं गाव बाहेर असताना गावाचं ठरवणं

आराखड्याचा हंगाम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो. मराठवाड्यात त्या दिवशी सोयाबीनची काढणी ऐन भरात असते. आभाळ भरून आलं असलं तर विचारूच नका, गंजी झाकायला माणूस पुरत नाही. बायांना उक्त्यात चांगले पैसे सुटतात ते याच पंधरा दिवसांत. आणि आपण नोटीस काढतो: महिला सभा, सकाळी ११ वाजता, ग्रामपंचायत कार्यालय. मग अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई आणि बचतगटाच्या दोघी एवढ्यांचा फोटो निघतो. बाकीच्या सह्या शिपाई दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून आणतो.

हे तरी बरं म्हणायचं. खरा घोळ दिवाळीनंतर होतो. आमच्याकडच्या एका गावापासून तीन किलोमीटरवर तांडा आहे, साठेक घरांचा. दसरा-दिवाळी उरकली की तिथल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. त्या वर्षी आराखड्याची चर्चा डिसेंबरात उरकली. मी होतो. तांड्यावर शिवारफेरी (पायी फिरून गाव बघणं) नेली, म्हणजे जीप उभी केली. दाराला कुलपं, एका ओट्यावर एक आजोबा आणि दोन शेळ्या. आजोबांना विचारलं, "बाबा, काय पाहिजे तांड्याला?" ते म्हणाले, "लाइट लावा. रातीला भ्या वाटतं." एकट्या म्हाताऱ्याला रात्रीची भीतीच वाटणार, दुसरं काय. आम्ही लिहून घेतलं: सौर पथदिवे, ८ नग. हातपंप हापसून बघितला, पाणी होतं. नकाशावर पाण्याच्या खुणेशेजारी "पुरेसे" असं लिहिलं. गावात येऊन पोहे खाल्ले.

दिवे लागले, अगदी वेळेत लागले. मे महिन्यात मी दुसऱ्याच कामाला त्या बाजूनं गेलो होतो, परतायला रात्र झाली. आमच्या दिव्यांच्या लख्ख उजेडात बायका हातपंपाला कळश्यांची रांग लावून जमिनीवर बसलेल्या. एक हंडा भरायला वीस मिनिटं. डिसेंबरात तांड्यावर माणसं नसतात म्हणून पाणी असतं, आणि मेमध्ये माणसं असतात तेव्हा ते आटलेलं असतं. एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. मला ओळखून एक मावशी उठल्या. रिकामी कळशी तशीच कमरेवर. म्हणाल्या, "सायेब, आम्ही ऊस तोडायला गेल्तो, मरायला नव्हतो गेलो. इचारायला थांबायचं ना."

तांड्यापर्यंतची नळयोजनेची शाखा पुढच्या वर्षाच्या आराखड्यात गेली. म्हणजे आणखी एक उन्हाळा रांगेत.

तेव्हापासून माझी सवय अशी. दसऱ्याच्या आधी तांडा गाठायचा, बाकी गाव नंतर. पहिल्यांदा मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, भेटायचं, कारण कोणत्या घरातून किती कोयते (तोडीची जोडपी) जाणार आणि कधी निघणार हे त्याच्या वहीत असतं, उचल (आगाऊ पैसे) त्यानंच दिलेली असते. ती वही मतदार यादीपेक्षा खरी. सभा रात्री आठनंतर, चुली आवरल्यावर, सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर. माईक नाही, सतरंजी नाही, हार तर नाहीच. महिला सभा कायद्यानं ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते, ती तिथंच घेऊन टाकायची.

आणि "काय पाहिजे?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस शेजारच्या गावात बघितलेलं सांगतो: हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वाराची कमान. "मे महिन्यात दिवस कसा जातो?", "पाऊस लागला की कोणत्या वाटेनं जाता?", "मागच्या वेळी बाळंतीण दवाखान्यात कशी नेली?" असे प्रश्न विचारा. वेळ लागतो. ज्यांना दीड तासात आराखडा हवा असतो त्यांना मी आता सरळ सांगतो, मला बोलवू नका.

तहकूब सभेचा शॉर्टकट

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट नवीन सरपंचाला पहिल्या महिन्यात कुणीतरी कानात सांगतं. मग पहिली सभा भरवायचा प्रयत्नच होत नाही. दुसरीला पंधरा जण बसतात आणि दीड-दोन हजारांच्या गावाचं वर्ष ठरवून चहा पितात.

कायदेशीर आहे, मान्य. पण अशा सभेत ठरलेल्या कामाला पुढं जागा द्यायला कुणी तयार होत नाही, पाइप टाकायला बांध उकरू देत नाही, आणि सरपंच विचारतो, "लोक सहकार्य का करत नाहीत?" गडचिरोलीतल्या मेंढा लेखानं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं त्याच्या मागं अभ्यासगटात बसून केलेल्या कित्येक वर्षांच्या चर्चा होत्या, निर्णय एकमतानं घ्यायचा हट्ट होता. त्यांना २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. घोषणा सगळ्यांना पाठ आहे, बसणं कुणाला नकोय.

हिवरे बाजारची सहल

बस भरून त्या गावी जायचं, दुष्काळी गाव पाणीदार करणाऱ्या पोपटराव पवारांसोबत फोटो काढायचा आणि परत येऊन आराखड्यात चार सिमेंट बंधारे घालायचे. बंधारे दिसतात ना! तिथं सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे, उसाला आणि केळीला बंदी आहे, आणि पाऊस किती झाला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पीक ठरतं, हे तिथं ऐकलेलं असतं. परत येताना घाटात विसरतात. तुमच्या गावात आधी साधा पर्जन्यमापक लावा आणि एक वर्ष शाळेच्या पोरांकडून नोंदी ठेवून घ्या. बंधारा पुढच्या वर्षी मागा. आणि हो, सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानं मनाई आहे. तुमच्या गावात तिथं किती बोअर आहेत ते मोजायचं धाडस असेल तर तिथून सुरुवात करा.

पोरं न मोजता खोल्या बांधणं

ही चूक माझी लाडकी, कारण तिच्यावर माझी सही आहे.

आराखडा करताना आपण डोळ्यासमोर गाव आणतो ते आपल्या लहानपणचं. शाळा भरलेली, पारावर माणसं, प्रत्येक घरात चार पोरं. एका गावात सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, शाळेला दोन खोल्या कमी पडतात. मुख्याध्यापकांनीही मान हलवली. मी मागणी पहिल्या नंबरला घेतली, सदस्यांनी पाठपुरावा केला, खोल्या झाल्या. उद्घाटनाला पेढे वाटले. चार वर्षांनी गेलो तेव्हा पहिलीच्या वर्गात तीन मुलं होती. एका नव्या खोलीत शाळेचं जुनं फर्निचर, दुसरीत कुणाच्या तरी सोयाबीनच्या थप्प्या. फळ्यावर उद्घाटनाच्या दिवशी काढलेली रांगोळीची नक्षी पुसट दिसत होती.

हे चार वर्षं आधीच कळू शकलं असतं. खोल्यांची चर्चा चालली होती त्याच आवारात, वीस पावलांवर अंगणवाडी होती आणि तिथल्या नोंदवहीत तीन वर्षांच्या आतली मुलं होती फक्त पाच. तरणी जोडपी चाकण-रांजणगावला गेलेली. जी राहिली त्यांची पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसून जाणार होती. ती वही कुणी उघडली नाही, मी तर नाहीच नाही.

आता कुठल्याही गावात गेलो की मी सरपंचाच्या आधी अंगणवाडी ताईंना भेटतो. पाच वर्षांनंतरची शाळा त्यांच्या वहीत असते. दुसरी भेट आशाताईंची, गरोदर बायांची यादी आणि बीपी-शुगरवाल्यांची यादी घेऊन. तिसरी यादी श्रावणबाळ आणि निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची. या तीन याद्या शेजारी ठेवल्या की आजकाल बहुतेक गावांत एकच चित्र दिसतं: पाळणे कमी, काठ्या जास्त. अशा गावाला तिसरी व्यायामशाळा कशाला? उपकेंद्रापर्यंत म्हाताऱ्या माणसाला पायी जाता येईल असा सपाट रस्ता करा, वाटेत दोन बाकडी ठेवा, पाण्याच्या टाकीखालचं शेवाळ काढा. पण बाकड्याचं उद्घाटन करायला कुणी आमदार येत नाही, हीच अडचण.

एका ओळीच्या चुका

वर फरशी, मग खाली पाइप. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवून सहा महिन्यांत नळाच्या लाइनसाठी उखडणारी गावं मी मोजायचं सोडून दिलंय.

कामाचं नाव मोघम लिहिणं. "गावात सिमेंट रस्ता करणे" लिहिलंत की तो रस्ता सदस्याच्या दारात जातो. कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, किती मीटर, हे ठरावातच लिहा.

जागेचा उतारा न बघणं. सभामंडप मंजूर होतो, मग कळतं जागा गायरान आहे नाहीतर भावकीच्या वादातली. आधी सातबारा, मग मोबाइलवरचं डिझाइन.

बंधित आणि अबंधित यातला फरक न समजणं. पंधराव्या आयोगात २०२१ पासून ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा, होता, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची सगळी हौस बसवायची असते, आणि बसत नाही. वर्षाच्या परिपत्रकातली टक्केवारी स्वतः वाचा. "मागच्या वर्षी असंच होतं" हे उत्तर नाही.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवणं. काय बोलायचं.

तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर आराखडा "भरायला" देऊन येणं. तो पोरगा पुढच्या गावाची फाइल उघडायच्या घाईत असतो. जेटी तिथूनच येते.

आराखडा आहे, काम होत नाही: आधी काय तपासायचं

बहुतेकांना वाटतं घोडं पंचायत समितीत अडलंय. कधीकधी अडलेलंही असतं. पण मी आधी ग्रामपंचायतीचंच कपाट उघडायला लावतो. ठरावाची प्रत आहे का, शाखा अभियंत्यानं अंदाजपत्रक जागेवर येऊन केलंय का टेबलावर, तांत्रिक मान्यता आली का, आणि पोर्टलवर कामाचं जे नाव आहे तेच अंदाजपत्रकावर आहे का. दहातल्या सहा फायली या शेवटच्या प्रश्नावर अडकतात. एका ठिकाणी "मारुती मंदिर" आणि दुसरीकडं "हनुमान मंदिर" एवढ्यावरून एक गटार आठ महिने रखडलं होतं. देव एकच, बिल मात्र निघेना.

आणि मागच्या वर्षीचा आराखडा शोधून काढा. मी नवीन आराखड्याच्या सभेत पहिली तीस मिनिटं तोच मोठ्यानं वाचायला लावतो, एकेक ओळ: झालं, नाही झालं, का नाही. सरपंचांना हे अजिबात आवडत नाही. मागच्या वर्षी एका गावात चौथ्या ओळीलाच सरपंच म्हणाले, "सर, हे वाचून कशाला वेळ घालवायचा, नवीन घेऊ." मागून एक म्हातारा म्हणाला, "वाचू दे की. माझ्या गल्लीचं कुठवर आलंय ते तरी कळंल." त्याच्या गल्लीचं नाव बावीसाव्या ओळीला होतं. तिथवर पोहोचेपर्यंत चहा गार झाला आणि समाजमंदिरात चाळीसाची सत्तर माणसं झाली.