पायथनमध्ये ब्रेक, कंटिन्यू, पास कसं वापरायचं (आणि व्हाइल लूप अडकला तर काय करायचं)

पायथन टाकून झालंय आणि फॉर, व्हाइल एकदा तरी लिहून बघितलंय असं धरून चालतो.

उदाहरण आपल्या सोलापूरचंच घेऊ. 10 टॉवेलांचा गठ्ठा आहे, एकेक तपासायचा आणि चांगला असला की त्याचा नंबर प्रिंट करायचा. एक टॉवेल म्हणजे लूपचा एक फेरा.

ब्रेक सोपं आहे, धागा तुटल्यावर माग थांबतो तसं, लूप तिथंच संपला. लूपच्या आत लूप असेल तर ज्यात ब्रेक लिहिलाय तेवढाच थांबतो, बाहेरचा चालूच. पास काहीच करत नाही, नुसती जागा भरतो.

आता कंटिन्यू. क्लासमध्ये 'कंटिन्यू म्हणजे चालू ठेवा' असं पाठ करून घेतात, ते आधी डोक्यातून काढा, त्याच्यानंच सगळा घोळ होतो. कंटिन्यू म्हणजे या फेऱ्यातल्या खालच्या ओळी सोडून थेट पुढच्या फेऱ्याला जा. 4 नंबरचा टॉवेल डागी निघाला, बाजूला टाका, 5 नंबरचा घ्या, एवढंच.

फॉरमध्ये हे बिनधास्त चालतं कारण पुढचा नंबर फॉर स्वतः आणतो. व्हाइलमध्ये नंबर आपल्याला वाढवावा लागतो आणि ती ओळ आपण सवयीनं सगळ्यात खाली लिहितो. मीही तसंच लिहिलं होतं. स्क्रीनवर 1, 2, 3 आलं आणि पुढं काहीच नाही, एरर पण नाही, मला वाटलं लॅपटॉप हँग झाला म्हणून दोनदा रीस्टार्ट केला, अख्खी संध्याकाळ गेली. झालं होतं असं की 4 वर कंटिन्यू लागायचं, नंबर वाढवायची ओळ त्याच्या खाली असल्यानं ती चालायचीच नाही, नंबर 4 च राहायचा आणि परत 4 च तपासायचा, असं गोल गोल.

असं अडकलं तर टर्मिनलमध्ये कंट्रोल दाबून सी दाबा, थांबतं. मग नंबर 0 पासून सुरू करा, अट '10 पेक्षा लहान' ठेवा आणि वाढवायची ओळ लूपमध्ये सगळ्यात वर, इफच्या (नंबर 4 आहे का बघायच्या ओळीच्या) आधी घ्या. काही जण ती ओळ खालीच ठेवून इफच्या आत, कंटिन्यूच्या आधी, आणखी एकदा वाढवायला सांगतात, चालतं ते, पण उद्या दुसरा इफ टाकला की तिथं हमखास विसरतं, म्हणून मी ते कुणालाच सांगत नाही. आणि किती फेरे हे आधीच माहिती असेल तर व्हाइल घ्यायचंच कशाला, फॉर आणि रेंज घ्या, फक्त 10 पर्यंत हवं तर रेंजमध्ये 1 आणि 11 लिहा, शेवटचा आकडा तो धरत नाही.

चालवून बघा, 1, 2, 3 नंतर थेट 5 यायला पाहिजे. 4 पण दिसला तर कंटिन्यूच्या जागी पास लिहिलंय का ते आधी बघा.