एजंटशिवाय ब्रिटनमध्ये नर्सची नोकरी: आधी यादी बघा

ब्रिटनमधल्या रुग्णालयांना थेट अर्ज करणाऱ्या परदेशी नर्सचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो व्हिसाची स्पॉन्सरशिप देऊच न शकणाऱ्या ठिकाणी अर्ज भरण्यात. तो असा वाचवा:

१. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक स्पॉन्सरांची, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसासाठी स्पॉन्सरशिप देऊ शकणाऱ्या संस्थांची, यादी फुकट मिळते. ती उतरवून स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि शहराच्या नावाने फिल्टर करा. खासगी रुग्णालये नि केअर होमही (वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणारी निवासगृहे) त्यात सापडतात.

२. मग त्या संस्थेच्या स्वतःच्या भरती पानावर किंवा एनएचएस जॉब्सवर (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ) जागा शोधा. यादीत नाव आहे म्हणून प्रत्येक जागेला व्हिसा मिळतोच असं नाही, जाहिरात नीट वाचा.

३. अर्जाच्या पहिल्याच ओळीत आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि सीबीटीचा, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीसाठीच्या संगणकावरच्या परीक्षेचा, निकाल लिहा. सीबीटी मायदेशातून देता येते. ऑस्की, म्हणजे त्याच नोंदणीची प्रात्यक्षिक परीक्षा, मात्र ब्रिटनमध्येच.

फक्त एक सांभाळा. मोठ्या रुग्णालयाच्या नावाने जीमेलवरून ऑफर आली, किंवा स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटसाठी (व्हिसाच्या अर्जाला लागणारी, नोकरी देणाऱ्याने द्यायची नोंद) तुमच्याकडे पैसे मागितले, तर उत्तरही देऊ नका.