टाचदुखी: सकाळच्या पहिल्या पावलाआधी काय करावे

सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतावा तशी कळ येते. भिंतीला हात लावत, चवड्यावर भार देत न्हाणीघरापर्यंत जावे लागते. पंचवीस-तीस पावलांनंतर कळ सैल पडते, आणि दुखणे गेले असे वाटेपर्यंत संध्याकाळी ओट्यापुढे तासभर उभे राहिल्यावर ते पुन्हा डोके वर काढते. हा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. वर्गात उभ्याने शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या दुखण्याने मला सव्वा वर्ष सोडले नाही. त्यातले पहिले आठ महिने शेक, मलम आणि विश्रांती यांत गेले. पुढच्या काळात ज्या गोष्टींनी खरा उतार पडला, त्या कारणांसह सांगते.

आपल्या तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत चिवट तंतूंचा एक जाड पट्टा ताणलेला असतो. तो टाचेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो तिथली झीज हे दीर्घकाळच्या टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यालाच ‘प्लांटर फॅसायटिस’ असे लिहिलेले असते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या पट्ट्याचे काम उलगडून दाखवले. पाऊल उचलताना अंगठा वर वळला, की रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी ओढला जातो, तळव्याची कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलते. म्हणजे प्रत्येक पावलागणिक या पट्ट्यावर ताण येतोच. ‘फॅसायटिस’ या नावात दाह गृहीत धरलेला आहे. परंतु २००३ मध्ये लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतून काढलेले ५० नमुने तपासले, तेव्हा त्यांत दाहाच्या खुणा न आढळता तंतूंची झीज आढळली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने उपचाराची दिशाच बदलते. निव्वळ दाह असता तर विश्रांती आणि गोळ्यांनी तो शमला असता. झिजलेल्या पट्ट्याला मात्र मोजूनमापून भार द्यावा लागतो, तेव्हाच तो पुन्हा भार पेलू लागतो.

एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की घरातले सगळे धास्तावतात. ‘हाड वाढलंय, आता ते कापूनच काढावं लागणार’ हे वाक्य मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. वस्तुतः असे वाढलेले हाड टाच कधीही न दुखलेल्या माणसांमध्येही सर्रास आढळते, आणि दुखणे पूर्ण बरे झाल्यावरही ते जागच्या जागी राहते. त्यामुळे त्या चित्राकडे पाहून हताश होण्याचे कारण नाही.

मात्र आपले दुखणे याच प्रकारचे आहे की नाही, हे आधी नीट पाहावे. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबल्यावर नेमकी तीच कळ उठत असेल, आणि दुखणे सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सर्वाधिक असेल, तर संशय बहुधा खरा असतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर असह्य दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. तळव्याला मुंग्या, बधिरता किंवा रात्री आग जाणवत असेल, तर नस दबल्याचा किंवा मधुमेहाचा विचार करावा लागतो. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवणे लांबणीवर टाकू नये. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांची टाच मागच्या बाजूने दुखते ती बहुतेकदा वाढत्या हाडामुळे, त्यामुळे त्यांना पुढे सांगितलेले भाराचे व्यायाम परस्पर देऊ नयेत. ताप, सूज, लाली किंवा मार लागल्याचा इतिहास असेल, तर आधी दवाखाना आणि मग बाकीचे.

आता प्रत्यक्ष उपाय. पहिला उपाय पलंगावरच, पाय जमिनीला लागण्यापूर्वी करायचा आहे. पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यावा, त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटे मुळाशी धरावीत आणि नडगीच्या दिशेने सावकाश मागे ओढावीत. दुसऱ्या हाताचा अंगठा कमानीवर फिरवून पाहिला, तर कातडीखाली तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली दोरी हाताला लागते. ती लागली म्हणजे ताण योग्य जागी पडला. दहा आकडे मोजेपर्यंत तसेच धरावे, सोडावे आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीनदा हा क्रम ठेवावा, आणि त्यातला एक न चुकता पहिल्या पावलाआधीचा असावा. २००३ मध्ये डीजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या तुलनेत, नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा अशा रीतीने तळव्याचा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांनी अधिक आराम पडलेला दिसला. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहते आणि पट्टा आखडतो. सकाळी त्याला एकदम सगळ्या देहाचा भार दिला की कळ येते, म्हणून ही दोन-तीन मिनिटे मोलाची आहेत. बैठक संपवून किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासानंतर उठतानाही हेच करावे.

पोटरी आखडलेली असली की टाचेवरचा ओढा वाढतो, म्हणून भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, टाच जमिनीला चिकटलेली आणि गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट थांबावे, आणि मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट थांबावे. पोटरीत दोन स्नायू असतात आणि गुडघा वाकवल्याशिवाय आतल्या स्नायूला पुरेसा ताण मिळत नाही.

दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे जिन्याच्या पायरीवर टाच उचलण्याचा व्यायाम. डेन्मार्कमधील राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम मिळाला होता. वर्षअखेरीस दोन्ही गटांतला फरक मिटला, परंतु दुखणाऱ्या माणसाला मधले महिने लवकर सुसह्य होणे हेही थोडे नव्हे. जुना पंचा घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेशी ठेवावा आणि त्यावर बोटे अशी ठेवावीत की ती वरच्या दिशेने वळलेली राहतील आणि टाच पायरीबाहेर अधांतरी असेल. कठड्याला हात असावा. तीन आकडे मोजत टाच वर उचलावी, दोन आकडे वर थांबावे, आणि तीन आकडे मोजत खाली आणावी. सुरुवातीला एका पायावर जमले नाही तर दोन्ही पायांवर करावे. बारा वेळा केल्यावर तेरावी खेप जमू नये इतका भार असावा, आणि असे तीन फेरे करावेत. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवावे, खेपा दहावर आणाव्यात आणि फेरे चार करावेत. आणखी दोन आठवड्यांनी वजन पुन्हा वाढवून आठ खेपांचे पाच फेरे करावेत. हा व्यायाम रोज करायचा नाही, एक दिवसाआड करायचा आहे, कारण झिजलेल्या तंतूंना सावरायला मधला दिवस लागतो. करताना थोडे दुखणे चालेल. दुसऱ्या सकाळची कळ नेहमीपेक्षा वाढलेली असेल, तर वजन कमी करावे, परंतु व्यायाम सोडू नये.

आपल्या घरांतल्या सवयी या दुखण्याला पोषक आहेत, हे मान्य करावे लागेल. उंबऱ्याबाहेर चपला काढून आपण दिवसभर कोटा, मार्बल किंवा टाइल्सच्या कठीण फरशीवर अनवाणी वावरतो. स्वयंपाकघरात आणि देवघरात चपला नकोत, ही भावना मीही जपते. म्हणून केवळ घरात वापरायची, कधीच बाहेर न नेलेली आणि आठवड्याला धुतली जाणारी एक वेगळी जोडी मी ठेवली, आणि ओट्यापुढे एक जाड रबरी चटई टाकली. देवघरात तेवढ्यापुरती चप्पल उतरवते. या एका बदलाने संध्याकाळचा ठणका महिन्याभरात निम्म्यावर आला. बाहेरच्या पादत्राणाची टाच बोटांपेक्षा थोडी उंच असावी, टाचेखाली मऊपणा असावा आणि दोन्ही हातांनी वाकवल्यावर ते बोटांपाशीच वाकावे, मधोमध दुमडू नये. सपाट, कडक तळाची कोल्हापुरी कितीही प्रिय असली, तरी बरे होईपर्यंत ती बाजूला ठेवावी. बुटात घालायची तयार कुशन बहुतेकांना पुरेशी ठरते, महागडी मापाची करून घेण्याची घाई नको.

शेकाबद्दलही सांगायला हवे. तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि उबेने तात्पुरते बरे वाटते, हे खोटे नाही. परंतु रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे पाने हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम वीट, गरम पाणी आणि बर्फ हे तिन्ही टाळावेत, कारण भाजल्याचे त्यांना कळतही नाही. इतरांनी संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली पाच-सात मिनिटे फिरवावी. मालिशही सुखाची असते, पण ती व्यायामाची जागा घेत नाही.

स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला मिळाल्यास घाई करू नये. त्याने काही आठवडे आराम पडतो, परंतु तो टिकत नाही. शिवाय पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, आणि ती गादी पुन्हा भरून येत नाही. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणे पोट आणि मूत्रपिंड यांना महागात पडते. सहा महिने नेटाने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल, म्हणजे यंत्राने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराबद्दल, अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

चालणे पूर्ण बंद करू नये, निम्मे करावे, आणि उरलेला वेळ सायकल किंवा पोहण्याला द्यावा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा टाचेला नक्की होतो. आषाढी वारीला आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांसाठी हा प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. ज्यांची टाच आधीच कुरकुरते त्यांनी चैत्रातच पायरीवरचा व्यायाम सुरू करावा आणि नवे बूट वाटेवर प्रथमच घालू नयेत. नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत असेल आणि दुखणे ताजे असेल, तर त्या वर्षी ते दुसऱ्या कुठल्या नेमात बदलून घ्यावे.

सुधारणा आठवड्यांत मोजू नये. मी कॅलेंडरवर रोज सकाळी पहिल्या पावलाच्या कळेला शून्य ते दहा असा आकडा देत होते. रोजचा आकडा खाली-वर होई आणि मन खट्टू होई, परंतु महिन्याची सरासरी काढली तेव्हा सात, मग पाच, मग तीन असा उतार दिसला. बहुसंख्य लोकांचे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात ओसरते, पण त्यासाठी हा क्रम तीन महिने तरी अखंड चालवावा लागतो. कळ थांबल्यावरही पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवावा आणि घरातली चप्पल पलंगाशेजारी, अंधारातही पायाला लागेल अशा जागी ठेवावी.